नकार देण्याचा अभ्यासवर्ग

युनियनचा सभासद होणं सोपं असतं. वर्गणी भरायची, पावती खिशात कोंबायची आणि द्वारसभेत मागच्या रांगेत उभं राहून पुढच्यांपेक्षा मोठ्यानं ‘झिंदाबाद’ म्हणायचं. घसा चांगला असला की माणूस निष्ठावान समजला जातो. माझी निष्ठा अशीच वर्षानुवर्षं सुखानं चालली होती. पण आमच्या सरचिटणीसांच्या मनात आलं की नुसत्या घशावर किती दिवस भागणार? आणि त्यांनी माझं नाव कामगार प्रतिनिधींच्या अभ्यासवर्गाला घातलं.

पहिली अडचण रजेची. रजा कशी मिळवायची हे त्या वर्गात शिकवतात, पण वर्गाला जायचं तर आधी रजा हवी. सरचिटणीसांनी मला दारूगोळा पुरवला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९७४ साली पगारी शैक्षणिक रजेबद्दल १४० क्रमांकाचं कन्व्हेन्शन, म्हणजे आंतरराष्ट्रीय करार, केलंय आणि त्यात कामगार संघटनांच्या शिक्षणाचा नाव घेऊन उल्लेख आहे. मी छाती फुगवून हे साहेबांना ऐकवलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “उत्तम आहे. मग अर्जही त्यांच्याकडेच करा ना.” एखाद्या देशानं मान्यता दिली तरच ते कन्व्हेन्शन त्या देशाला बांधतं, हे बारीक अक्षरातलं सरचिटणीसांनी नंतर सांगितलं. रजा मिळाली, पण हक्काची नाही, साठलेली.

वर्गात पहिला तास इतिहासाचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ची. संघटना करण्याच्या स्वातंत्र्याचं कन्व्हेन्शन क्रमांक ८७, साल १९४८. सामूहिक वाटाघाटींच्या हक्काचं क्रमांक ९८, साल १९४९. हे आकडे डोक्यात अशी काही जागा बदलतात की विचारता सोय नाही. माझ्या शेजारचे एक ज्येष्ठ सभासद कोणत्याही प्रश्नाला बेधडक ‘सत्त्याऐंशी’ सांगत होते आणि दर दोन प्रश्नांमागे एकदा बरोबर ठरत होते.

संगणकाचा तास पासवर्ड आठवण्यात गेला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

खरी गंमत तक्रार लिहिण्याच्या तासाला आली. प्रशिक्षकबाईंनी प्रत्येकाला आपल्या खात्यातली एक तक्रार लिहायला सांगितली. मी एका दमात लिहिलं, ‘साहेबांची वागणूक बरोबर नाही.’ बाईंनी कागद हातात धरून विचारलं, “कोणत्या साहेबांची? कधी? कुठे? समोर कोण होतं? कराराच्या कोणत्या कलमाचा भंग झाला? आणि मुख्य म्हणजे, तुम्हाला हवंय काय?” इतके प्रश्न मला लग्न ठरवतानाही कुणी विचारले नव्हते. तक्रारीला मुदत असते, म्हणून तारीख आधी आणि राग नंतर, असं त्यांचं म्हणणं. आमचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या उलटा. राग हजर, तारीख फरार.

पलीकडच्या एकानं दोन पानं भरून तक्रार लिहिली होती. त्यात अपमान होता, अन्याय होता, ‘माणुसकीला काळिमा’ दोनदा होतं. शेवटी ‘हवंय काय’ या सदरात त्यानं लिहिलं होतं: साहेबांनी जाहीर माफी मागावी, त्यांची बदली व्हावी आणि शक्य झाल्यास पंखा दुरुस्त व्हावा. बाईंनी पहिली दोन्ही वाक्यं खोडली. उरला पंखा. पंख्याची तक्रार चार ओळींत बसली आणि मला वाटतं, ती एकटीच काहीतरी करून घेण्याच्या लायकीची होती.

दुपारी भिंतीवर मोठ्या कागदावर माणसाची बाह्याकृती काढली गेली. हातात लाल टिकल्या. ज्याचं जे दुखतं तिथे त्यानं टिकली चिकटवायची. आधी सगळे लाजले. मग एकानं कमरेवर लावली आणि धीर चेपला. बघता बघता त्या कागदी माणसाला देवी आल्यासारखं झालं. एका टारगटानं डोक्यावर लावून खाली ‘साहेब’ असं लिहिलं. पण पॅकिंगवाल्या सगळ्यांच्या टिकल्या उजव्या खांद्यावर एकाच जागी पडल्या होत्या. प्रत्येक जण इतके दिवस आपलं वय झालं असं समजत होता. वय झालेलं नव्हतं, टेबल उंच होतं. मग बाईंनी क्रम सांगितला: धोका मुळातच काढून टाका, नाही जमलं तर कमी धोक्याची वस्तू वापरा, मग यंत्राची किंवा जागेची रचना बदला, मग कामाची पद्धत, आणि अगदी शेवटी हातमोजे, चष्मे वगैरे. आमच्याकडे सुरक्षा हातमोज्यांपासून सुरू होते आणि हातमोज्यांवरच संपते. तेही एकाच मापाचे.

आणि मग वाटाघाटींचं नाटक. निम्मे युनियन, निम्मे व्यवस्थापन. चिठ्ठ्या उचलल्या आणि माझ्या नशिबी मॅनेजर आला. चिठ्ठीत लिहिलं होतं, तीनपैकी दोन मागण्या मान्य करायला हरकत नाही. मी खुर्चीत मागे रेलून बसलो आणि काय झालं कोण जाणे, नोकरीभर कानांवर पडलेली सगळी वाक्यं आपोआप तोंडातून बाहेर येऊ लागली. ‘बघू.’ ‘वर विचारावं लागेल.’ ‘तुमची भावना मी समजू शकतो.’ समोर आमच्याच युनियनचा तोफखाना समजला जाणारा वक्ता होता. त्यानं टेबलावर मूठ आपटली. मी म्हणालो, “हळू. टेबल कंपनीचं आहे.” तो गडबडला. त्याच्या शेजारचा घाईघाईनं म्हणाला, “बरं, निम्मं तरी द्या.” तोफखान्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की माझं कामच झालं. मी एकही मागणी मान्य केली नाही.

बाईंनी फळ्यावर चुका मांडल्या. बोलणारं तोंड एक असावं, दुसऱ्यानं फक्त टिपणं घ्यावीत. आपसात मतभेद झाले की बैठक थोडा वेळ थांबवून बाहेर जाऊन भांडावं, समोरच्यादेखत नाही. सगळं मोलाचं होतं, पण फळ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. तोफखाना तर संध्याकाळपर्यंत मला ‘अहो साहेब’ म्हणत होता, आणि त्यातला ‘अहो’ प्रेमाचा नव्हता.

कामावर परतलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. दोन-चार दिवस लोक दबकून वागले. मग एके दिवशी लेथवरचा एक पोरगा रजेचा अर्ज घेऊन आला. “दादा, उद्या साहेबांकडे जायचंय. आधी तुम्ही नकार द्या, म्हणजे सवय होईल.” मी दिला. त्यानं उत्तर दिलं, मी पुन्हा दिला. तिसऱ्या खेपेला त्यानं कराराचं कलम काढलं आणि माझी बोलती बंद झाली. दुसऱ्या दिवशी त्याला रजा मिळाली.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत माझ्यापुढे रांग असते. काल रांगेत खुद्द सरचिटणीस उभे होते, हातात मागणीपत्राचा मसुदा घेऊन. मी मसुदा चाळला आणि म्हणालो, “बघू. यावर तारीख कुठाय?”