जुन्या पायवाटेवर दोन इंच काँक्रीट ओतून भागत नाही

थंड प्रदेशातल्या जुन्या घरांसाठी एक सल्ला सध्या भरपूर फिरतो आहे. मजकूर साधारण असा: फाटकापासून दारापर्यंतची पायवाट खचली, फुटली असेल तर उखडत बसू नका, खर्च दुप्पट होतो. आहे तिच्यावरच दोन इंच कडक काँक्रीट ओता. तडे जाऊ नयेत म्हणून आत लोखंडी जाळी टाका. पाणी मुरू नये म्हणून वरून सीलर मारा. बर्फ पडला की मीठ टाका, चांगल्या काँक्रीटला मिठाने काही होत नाही. मग पायवाट घराइतकी टिकेल.

यातलं एकेक वाक्य कुठे ना कुठे खरं ठरतं, म्हणूनच ते लोकांना पटतं. पण हा सगळा विचार वरच्या पृष्ठभागाचा झाला. जमीन जिथे गोठते तिथे पायवाट बहुतेक वेळा खालून बिघडते, आणि खालच्या जमिनीबद्दल या सल्ल्यात चकार शब्द नाही.

आधी 'कडक काँक्रीट ओता' याबद्दल. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे आपण शाळेत शिकलेलो असतो, त्यामुळे मातीतली ओल फुगून फरशी (म्हणजे पायवाटेचा काँक्रीटचा थर) उचलत असेल असं वाटतं. जरा हिशोब करून बघा. ओल्या मातीच्या आकारमानात ४० टक्के पाणी धरलं आणि वरची अर्धा मीटर माती पूर्ण गोठली, तरी ती पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपासच फुगेल. पायवाटा याहून कितीतरी जास्त उचललेल्या दिसतात. हे कोडं स्टीफन टेबर या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाने १९२९-३० च्या सुमारास सोडवलं. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरून ती गोठवली. बेंझीन गोठताना आकसतं. तरीही माती वर उचलली गेली!

म्हणजे फुगण्यापेक्षा मोठं काहीतरी खाली घडत असतं. गोठण्याची सीमा हळूहळू खाली सरकते आणि तिथे तयार होणारा बर्फ खालच्या न गोठलेल्या मातीतलं पाणी, दिव्याची वात तेल ओढते तसं, स्वतःकडे ओढत राहतो. त्याचे जमिनीला समांतर असे स्वच्छ बर्फाचे थर बनतात. गोठलेली गाळमाती उभी कापली तर माती, बर्फ, माती, बर्फ अशा पट्ट्या उघड्या डोळ्यांनी दिसतात. खाली पाणी आहे तोवर हे थर जाड होत राहतात आणि त्या सगळ्यांची मिळून जेवढी जाडी, तेवढी पायवाट वर येते. दोन इंच काँक्रीटने चौरस मीटरला साधारण १२० किलो वजन वाढतं. जो बर्फ घराचा उथळ पाया उचलतो, त्याला १२० किलोचं काय कौतुक?

खरं नुकसान तर बर्फ वितळताना होतं. माती वरून आधी सुटते, खालचा थर गोठलेलाच असतो, त्यामुळे वितळलेल्या पाण्याला खाली जायला वाट नसते. फरशीखाली नुसता राबडा होतो. त्यावर माणसं चालतात, फरशी एका बाजूने बसते आणि तडकते. नवा थर त्याच फरशीला चिकटलेला असतो, त्यामुळे खालची भेग काही काळाने जशीच्या तशी वर उमटते.

हे घडायला थंडी, पाणी आणि बारीक कणांची माती या तिन्ही गोष्टी लागतात. थंडीपुढे आपलं काही चालत नाही. माती बदलता येते आणि पाणी वळवता येतं. मातीचा अभ्यास करणारे अभियंते आर्थर कॅसाग्रांडे यांनी १९३१ मध्ये मांडलेला एक ठोकताळा आजही कामाला येतो: लहानमोठ्या कणांच्या मिश्र मातीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण ३ टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर ती उचलली जाण्याचा धोका धरावा. सर्वांत वाईट गाळमाती, कारण तिच्यातून पाणी वर चढतंही आणि वेगाने वाहतंही. निव्वळ चिकणमातीतून ते फार सावकाश सरकतं. स्वच्छ खडीत ते चढतच नाही. म्हणून फरशीखाली निदान १५ सेंटीमीटर आणि माती वाईट असेल तर त्याहून बरीच जास्त खडी लागते. ती १०-१० सेंटीमीटरच्या थरांनी घालून प्रत्येक थर यंत्राने दाबायचा. खालची माती खडीत मिसळू नये म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. चिकणमातीत खड्डा करून खडी भरली आणि पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवली नाही, तर त्या खडीत पाणी तुंबून राहतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

उखडण्याने खर्च वाढतो, हे कबूल. पण फोडण्यापेक्षा जास्त पैसा माती खोदून बाहेर नेण्यात आणि खडी आणून दाबण्यात जातो, आणि पायवाटेचं आयुष्य ठरतं ते याच कामावर. (खोदण्याआधी गॅस, पाणी आणि विजेच्या लाइन कुठून गेल्या आहेत ते पक्कं विचारून घ्या. जुन्या घरांत त्या अनेकदा याच पायवाटेखालून गेलेल्या असतात, आणि फार खोलही नसतात.)

वरून थर देण्याचे आणखी दोन तोटे जुन्या घरात प्रकर्षाने जाणवतात. पहिला पायऱ्यांचा. सगळ्या पायऱ्या १८ सेंटीमीटर उंचीच्या असतील तर पायवाट ५ सेंटीमीटर वर आली की सर्वांत खालची १३ ची होते. उतरणाऱ्याचा पाय वरच्या पायऱ्यांच्या अंदाजाने पडतो, जमीन आधीच लागते आणि माणूस धडपडतो. बर्फात तर विचारूच नका. दुसरा तोटा ढाळाचा. जुन्या घराच्या पायाशेजारचा भराव वर्षानुवर्षं बसत जातो आणि पायवाट घराकडे कलते. एक बादली पाणी ओतून बघा. ते भिंतीकडे धावलं तर नवा थरही तेच करणार, आणि पाणी तळघरात. ढाळ घरापासून बाहेर, मीटरला २ सेंटीमीटर तरी हवा. पन्हळीचा पाइप पायवाटेच्या कडेलाच सुटत असेल तर तो आधी लांब न्यावा. सबंध कामातलं हे सर्वांत स्वस्त काम, आणि बऱ्याचदा सर्वांत उपयोगी.

जाळीचं थोडक्यात. लोखंड तडा जाण्यापासून थांबवत नाही, गेलेला तडा फाकू देत नाही, एवढंच. तडा कुठे जायचा ते सांधे ठरवतात: फरशीच्या जाडीच्या पाव खोलीची खाच, साधारण पायवाटेच्या रुंदीइतक्या अंतरावर. दोन इंचांच्या थरात जाळीवर जेमतेम इंचभर काँक्रीट राहतं, त्यातून मिठाचं पाणी झिरपतं आणि लोखंड गंजून वरचा थर उडवतं. ओतताना बुटांखाली जाळी तळाला जाऊन बसते, ते वेगळंच.

सीलरबद्दल गैरसमज असा की थंडीपासूनचं संरक्षण वरून लावता येतं. ते काँक्रीटच्या आत असावं लागतं. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या काही रस्त्यांचे पोपडे निघत नाहीत असं लक्षात आलं. शोध घेतल्यावर कळलं की त्या काँक्रीटमध्ये अतिसूक्ष्म हवेचे बुडबुडे अडकलेले होते. गोठणाऱ्या पाण्याला त्या बुडबुड्यांमध्ये जागा मिळते आणि दाब वाढत नाही. तेव्हापासून थंड भागातल्या काँक्रीटमध्ये मुद्दाम ६ टक्क्यांच्या आसपास हवा ठेवतात. त्यासाठी वेगळं रसायन घालावं लागतं. ते न घालता हाताने कालवलेल्या मालात ही हवा नसते. सिमेंटच्या वजनाच्या मानाने पाणी ०.४५ पटीहून जास्त नको. माल घट्ट वाटतो म्हणून गवंड्याने पाइप धरला, की त्या पाण्यासोबत टिकाऊपणाही गेला. पृष्ठभागही लोखंडी थापीने आरशासारखा घोटू नये. वर आलेलं पाणी आत कोंडतं आणि पहिल्याच हिवाळ्यात पोपडे सुटतात. कुंचा फिरवून खरखरीत ठेवला की पायही घसरत नाही. सीलर मारायचाच तर आत मुरणारा, सिलेन जातीचा घ्यावा. वर चकचकीत पापुद्रा धरणारा खालची ओल अडकवून ठेवतो.

'मिठाने काही होत नाही' हे तर सरळ चूक. मीठ बर्फाचं पाणी करतं, पाणी छिद्रांत शिरतं आणि रात्री पुन्हा गोठतं. व्हर्बेक आणि क्लीगर या काँक्रीटच्या संशोधकांनी १९५७ मध्ये दाखवलं की सर्वाधिक पोपडे निघतात ते सुमारे ३ टक्के तीव्रतेच्या द्रावणाने. म्हणजे 'चिमूटभरच टाकलंय' हा युक्तिवाद उलट अंगाशी येतो. शिवाय साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसं कामच करत नाही. नव्या काँक्रीटवर पहिला हिवाळा मीठ अजिबात नको, फक्त वाळू टाका. अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट असलेली खतं बर्फ वितळवायला कोणी सुचवली तर साफ नाही म्हणा, ती काँक्रीट रासायनिकरीत्या खातात.

राहिलं 'घराइतकी टिकेल'. गोठणाऱ्या जमिनीवरची कुठलीही पायवाट थोडीफार हलतेच. म्हणून जुन्या घरापुढे मला स्वतःला दगड किंवा पेव्हर पसंत आहेत: चार तुकडे उचला, खडी सारखी करा, परत बसवा. मात्र कुठल्यातरी भिंतीच्या उरलेल्या जुन्या विटा यासाठी वापरू नका. मऊ भाजलेली वीट जमिनीवर दोन-चार हिवाळ्यांत पापुद्र्यापापुद्र्याने सुटते.

मग वरून थर देणं कधीच बरोबर नाही का? आहे. फरशी सपाट आहे, ढाळ नीट आहे, ठोकल्यावर पोकळ वाजत नाही, नुसती वरची साल गेली आहे, आणि पातळ थराने शेवटच्या पायरीचं गणित बिघडत नाही, तर जरूर द्या. ठरवण्याआधी पायरीच्या उभ्या भागावर, फरशीला लागून, पेन्सिलीने रेघ मारा आणि हिवाळा सरताना पुन्हा बघा. फरशी रेघेच्या वर गेली असेल तर दोष खालच्या जमिनीत आहे.

या सल्ल्याला उत्तर म्हणून काहीजण दुसरं टोक गाठतात: जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली खणा. पायवाटेला एवढं खणण्याची गरज नाही. ती खडीवर तरंगती असते, थोडी वरखाली झाली तरी चालतं. पायऱ्यांचा पाया मात्र तितका खोल असेल तर पायऱ्या जागच्या हलत नाहीत आणि पायवाट हलते, त्यामुळे दोन्ही एकजीव केल्या की नेमकं तिथेच तुटतं. तिथे फरशीच्या पूर्ण जाडीइतकी दबणारी फोमची पट्टी घालून सांधा मोकळा ठेवावा. काम संपताना ती फट गवंड्याच्या डोळ्यांना खुपते आणि तो उरलेला माल घेऊन ती बुजवायला वाकतो. तेवढ्यात त्याचा हात धरा.