डागाला आली फुलं

आमच्या हॉलच्या भिंतीवर चिनीमातीची अकरा निळी फुलं होती. 'होती' का म्हणतेय ते पुढे येईलच. येणारा-जाणारा म्हणायचा, काय हौशी बाई आहे! हौसबिस काही नाही. फुलांच्या मागे डाग होता.

डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा नाचणीच्या पापडाएवढा होता, रंगही साधारण तोच. वरच्या मजल्यावरच्यांचं बाथरूम बरोबर त्या भिंतीच्या डोक्यावर येतं, त्यामुळे निदानासाठी कुणाला बोलवायची गरज नव्हती. मी त्यावर कालनिर्णय टांगलं. दिवाळीपर्यंत डाग कालनिर्णयाच्या डाव्या बाजूने डोकावायला लागला. मग शेजारी घड्याळ लावलं. घड्याळामागचा रंग फुगला, त्याचे पोपडे सुटले आणि त्यातला एक सहाच्या आकड्याखाली लोंबायला लागला. पाठोपाठ लोणा आला. पांढरा, मिठासारखा. झाडूने झाडला की चार दिवसांत परत हजर.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून उपविधी उघडले. गच्चीतून किंवा बाहेरून पावसाचं पाणी झिरपत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची, संडास-बाथरूम-सिंकमधून आतल्या आत गळत असेल तर सभासदांनी आपल्या खर्चाने. "तुमचं अंतर्गत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. पोटाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून म्हणावं तसं.

मग वर गेले. वरच्या काकू म्हणाल्या, "छे गं, ते पावसाचं. आमचं बाथरूम खडखडीत कोरडं असतं." हे त्या मला जानेवारीत सांगत होत्या. पुण्यात.

आता भांडणं हा एक मार्ग होता, पण काकूंच्या हातची पुरणपोळी दर होळीला आमच्याकडे येते आणि होळी तोंडावर आली होती. अशात एका प्रदर्शनात मला भिंतीवर लावायची हाताने घडवलेली सिरॅमिकची फुलं दिसली. एकेक फूल अठराशे रुपये. डाग पुरता झाकायला निदान दहा-बारा फुलं लागणार होती. एवढ्या पैशांत काकूंचं बाथरूम मीच फोडून नवीन बांधून दिलं असतं. म्हटलं, आपणच करू. मातीच तर आहे.

क्लास शनिवार-रविवार होता. शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. फी भरेपर्यंत मी 'मॅम' होते, पावती हातात पडली आणि 'काकू' झाले. तिने पहिल्याच दिवशी मोबाइलवर टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्याचा व्हिडिओ दाखवला. २०१४ साली पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षं झाली म्हणून तिथल्या खंदकात सिरॅमिकची लाल पॉपीची फुलं लावली होती. ब्रिटनच्या आणि त्याच्या वसाहतींच्या फौजांमधल्या मेलेल्या दर माणसामागे एक, अशी ८,८८,२४६ फुलं, आणि सगळी हाताने घडवलेली. बघून गलबललं. पण एक गोष्ट तेव्हा ध्यानात यायला हवी होती, ती आली नाही. ती फुलं लोखंडी सळ्यांवर जमिनीत रोवली होती. भिंतीवर टांगली नव्हती.

माती मळणं हे माझं खातं असणार अशी माझी खात्री होती. वीस वर्षं रोज कणीक मळणाऱ्या बाईला माती काय जड जाणार? तर जडच गेली. कणीक मळताना आपण ती दुमडून-दुमडून सैल करतो, इथे उलटं. माती अशी दाबायची की आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. पंधरा मिनिटांत खांदे भरून आले. पुढचं मात्र माझ्याच खात्यातलं निघालं. मातीची पोळी लाटायची, पाकळ्या कापायच्या, अंगठ्याने दाबून त्यांना खोलगटपणा द्यायचा. कापायला तिथे कसल्याकसल्या सुऱ्या आणि तारा होत्या. मी दुसऱ्या दिवशी घरून करंजीचं कातणं नेलं. सर्र सर्र सर्र. बाकीच्यांच्या दहा पाकळ्या होईतो माझ्या चाळीस. पाकळ्यांच्या कडा कातरलेल्या आल्या, त्या बघून शिकवणारी म्हणाली, "वॉव काकू, किती ऑरगॅनिक!"

पाकळी पाकळीला चिकटवायला आधी दोन्हीकडे सुईने ओरखडे काढायचे आणि मग पातळ मातीचा लेप मध्ये लावायचा. त्याला ते स्लिप म्हणतात. घरी येऊन मी हे कौतुकाने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे करंजीच्या कडेला दुधाचं बोट. याचे पैसे घेतात?"

मी बारा फुलं केली. त्याआधी घरी बटर पेपर भिंतीला लावून डागाची कडा पेन्सिलने उतरवून नेली होती आणि झाल्यावर त्या कागदावर बाराही फुलं मांडून बघितली. कुठे बोटभरही डाग उघडा राहत नव्हता. नवऱ्याने तो कागद पाहिला आणि विचारलं, "हा रत्नागिरी जिल्हा कशाला काढलायस?"

मग वाळवण. आठ दिवस प्लास्टिकखाली झाकून, सावकाश. मला वाटलं, आपण सांडगे-पापड वाळवणारी माणसं, आपल्याला काय शिकवता? एका जाड फुलावरचं प्लास्टिक मी दोन दिवस आधीच काढलं आणि वरून कोरडं लागलं म्हणून वाळलं असं ठरवून भट्टीत जाणाऱ्या फळीवर ठेवून दिलं. ही भट्टी म्हणजे कुंभाराचा आवा नव्हे, फ्रिजसारखी उभी विजेची पेटी असते. पहिली भाजणी हजार अंशाच्या आसपास. पण माझ्या फुलाला तितकं थांबायची गरज पडली नाही. आत ओल राहिली होती. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, आणि मातीच्या पोटात एवढी जागा कुठली? भट्टी उघडली तेव्हा फुलाचा चुरा होता आणि शेजारच्या फळीवरच्या एका आयटीवाल्या मुलाच्या ध्यानस्थ बुद्धाचं नाक गेलं होतं. मुलगा सज्जन. "इट्स ओके, आंटी," म्हणाला. पण पुढचे दोन रविवार तो माझ्यापासून लांब बसला.

घरात एक ओल छळत होती, आता क्लासातही एक भेटली.

उरली अकरा. ती भाजून आली आणि पाहते तर सगळीच आक्रसलेली. माती वाळताना आणि भाजताना आटते, शेकडा दहा-बारा टक्के तरी. हे मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं म्हणे. त्या वेळी मी कातण्याचा विचार करत असणार. पसरट ताटलीएवढं घडवलेलं फूल बशीएवढं झालं होतं, आणि भिंतीवरचा डाग काही आटलेला नव्हता.

रंगाची गोष्ट तर सांगूच नये. मला हवा होता गुलाबी. कोपऱ्यातल्या बादलीत छान फिकट गुलाबी, जांभळटपणाकडे झुकणारी ग्लेझ होती, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा चकाकणारा लेप. मी एकेक फूल हौसेने त्यात बुचकळलं. बादलीवर फरशीचा एक तुकडा दोऱ्याने बांधलेला होता, तो बघून रंग निवडायचा असतो. मी त्याला झाकणाची मूठ समजले. ती ग्लेझ कोबाल्टची होती. कच्ची असताना गुलाबी, आणि बाराशे अंशांच्या पुढे भाजली की गडद निळी. चिनी बशांवर निळी नक्षी असते ना, तीच. दुसऱ्या भट्टीतून माझी फुलं शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी बाहेर आली.

घरी म्हटलं, "गोकर्ण केलीय."

"गोकर्णीला एवढ्या पाकळ्या नसतात," सासूबाई म्हणाल्या. मग माझं तोंड बघून त्यांनाच दया आली. "कृष्णकमळ असेल." थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "एवढ्या मातीत लोणच्याची एक बरणी झाली असती!"

आता लावणं. नवरा म्हणाला, ड्रिल कशाला, आजकाल टेप येते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी, अमुक किलो वजन पेलणारी. टेपबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तिने फूल सोडलं नाही आणि रंगही सोडला नाही. रंगाने भिंत सोडली. रात्री पावणेदोनला धप्प झालं. सकाळी बघितलं तर फूल सोफ्यावर शाबूत, पाठीला टेप, टेपच्या पाठीला पंजाएवढा ऑइलबाउंड रंगाचा पोपडा.

मग वायरमनला बोलावलं. त्याने आधी विचारलं, "ताई, आतून वायरिंग कुठून गेलंय?" आम्ही दोघांनी दोन वेगवेगळ्या दिशा दाखवल्या. त्याने तिसरीच धरली आणि सहा नंबरचं बिट लावलं. ड्रिल सुरू झालं. एरवी भिंतीतून भुकटी उडते, खाली कागद धरावा लागतो. इथे बिटाच्या नागमोडी खाचेतून चिखल बाहेर आला. मऊसूत, बुडबुडे नसलेला, उत्तम मळलेला. पाच आठवडे, एवढी फी आणि खांद्याचं दुखणं देऊन जो मी क्लासात मळला, तो घरच्या भिंतीत फुकट तयार होता.

"ताई, भिंत ओली आहे," वायरमन म्हणाला.

"माहितेय."

"स्क्रूची गिट्टी बसणार नाही."

"बसवा."

बसवली त्याने. मोठी गिट्टी, लांब स्क्रू, आणि प्रत्येक फुलामागे एक सुस्कारा. नवरा पाणसळ घेऊन उभा होता. फुलं सरळ रेषेत लावायचीच नव्हती, ती डागाच्या कडेकडेने लावायची होती, पण त्याला काहीतरी धरायचं होतं. अकरा फुलं लागली. आटल्यामुळे मधून मधून डाग दिसत राहिला, पण लांबून बघितलं तर निळ्या फुलांच्या मागे काहीतरी धुरकट, पिवळट, कडेला तपकिरी होत गेलेलं. खरं सांगते, वाईट दिसत नव्हतं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका आल्या. आंब्याची डाळ राहिली बाजूला, सगळ्या भिंतीसमोर उभ्या. मी 'हो, हातानेच', 'छे गं, सोपं असतं' वगैरे म्हणत होते. वरच्या काकूही आल्या होत्या. द्रोण हातात घेऊन त्या भिंतीपाशी गेल्या, मान तिरकी केली, मागे आल्या, परत पुढे गेल्या.

"फुलं छानच गं," त्या म्हणाल्या, "पण मागची शेड बघ. कशी धुक्यासारखी उतरत आलीय! पेंटर कोण तुझा?"

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. सासूबाई पन्हं वाढत होत्या. भांड्यातून मान वर न काढता म्हणाल्या, "तुमच्याकडचाच आहे. रोज सकाळी साडेसहाला येतो. तुमच्याकडे गीझर सुरू झाला की."

काकू हसल्या. बायकाही हसल्या. काकूंचा अर्धा पेला संपेपर्यंत त्या हसतच होत्या. मग त्यांनी पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं आणि पेला हळूच टीपॉयवर ठेवला.

पुढच्या सोमवारी त्यांच्या बाथरूमचं काम सुरू झालं. हे मी मिळवलेलं यश आहे की सासूबाईंनी, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. फरशी उखडणार, वॉटरप्रूफिंग करणार, नळाच्या जुन्या लाइनी बदलणार. तीन आठवडे चालेल म्हणे. दहाच्या ठोक्याला छिन्नी-हातोडा सुरू होतो, तो एक ते चार बंद असतो, आणि चारला परत. एकेक ठोका भिंतीतून खाली उतरतो, ओल्या प्लास्टरमधली गिट्टी केसभर पुढे सरकते, मग आणखी केसभर. पहिलं फूल मंगळवारी सकाळी पावणेअकराला पडलं. दुसरं त्याच दिवशी, टीव्हीचा रिमोट घेऊन. गुरुवारी दोन एकदम.

आत्ता हे लिहितेय तेव्हा वर काम चालू आहे आणि भिंतीवर सात फुलं उरली आहेत. सकाळी भिंतीला हात लावून पाहिला तर डागाची वरची कड चक्क कोरडी लागली. खाली सासूबाईंनी फुलं फुटू नयेत म्हणून माळ्यावरची जुनी गादी काढून अंथरली आहे. एक वाजला, हातोडा थांबला, आणि त्या तिच्यावर झोपल्या आहेत. चारच्या आत उठवायला सांगितलंय.