बारच्या आकड्यावर जाऊ नका

कॉफी मशीनवरच्या लेखात ‘१५ बारचंच मशीन घ्या’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. (बार म्हणजे दाबाचं माप.) एस्प्रेसोला, म्हणजे दाबानं काढलेल्या दाट कॉफीला, ९ बारच्या आसपास दाब पुरतो. १५ ही नुसती पंपाची ताकद. खरा फरक पडतो तो बिया ताज्या दळल्या की. आणि पाण्याचं कुणी बोलतच नाही! आमच्याकडे सांगलीत बोअरचं पाणी इतकं जड, की सहा महिन्यांत मशीनची धार सुतासारखी झाली. आत क्षारांचा पांढरा थर. लिंबूसत्त्वाचं पाणी दोनदा फिरवलं तेव्हा कुठं मोकळं झालं. आता फिल्टरचंच पाणी घालतो. आईला मात्र तिचा पितळी कॉफी फिल्टरच बरा. चिकोरी मिसळलेली कॉफी पावडर रात्रीच भरून ठेवते, सकाळी आमचं मशीन तापेपर्यंत तिची पिऊन झालेली असते.