परदेशात लग्न करायचंय? मग आधी नव्याने जन्माला या

परदेशात लग्न करायचं ठरवलंत? अभिनंदन! माणूस मिळाला, मनं जुळली, दोन्हीकडच्या आईवडिलांनी रडून का होईना होकार दिला. थोडक्यात, अवघड भाग अजून सुरूच झालेला नाही. मी सध्या त्यातच बुडालोय, तेव्हा चार गोष्टी ऐकून ठेवा. देश कोणता ते विचारू नका. लग्न अजून व्हायचंय आणि तिथल्या विवाह नोंदणी ऑफिसच्या खिडकीतल्या बाई आता मला चेहऱ्याने ओळखतात.

सुरुवात अगदी सोपी. तुमचं लग्न झालेलं नाही, एवढंच सिद्ध करायचं. घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुणीही आणेल, न घडलेल्या गोष्टीचा आणण्यातच खरं कर्तृत्व. इटलीत त्या कागदाला ‘नुल्ला ऑस्ता’ म्हणतात. जर्मनीत त्याचं नाव इतकं लांब आहे की एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला तो कागद तसाच देऊन टाकायला हवा. इंग्लंडमध्ये तो मिळण्याआधी तुमच्या नावाची नोटीस 28 दिवस लावून ठेवतात, कुणाची हरकत असेल तर यावं म्हणून. आणि काही देश असा कागद देतच नाहीत. मग काय करायचं? स्वतःच शपथ घ्यायची. इटलीत लग्न करणारा अमेरिकन माणूस आपल्याच वकिलातीत जाऊन ‘मी मोकळा आहे’ असं शपथेवर सांगतो आणि शिवाय साक्षीदारांकडूनही तेच वदवून घेतो. म्हणजे एवढी शोधाशोध करून अखेर उरतो तो तुमचाच शब्द. तोच शब्द खिडकीसमोर उभं राहून तोंडी दिलात तर मात्र बाई नुसत्या बघत राहतात.

नाव एकच ठेवा. जन्मापासून, सगळ्या कागदांवर, त्याच स्पेलिंगने. मधलं नाव असेल, तर ते नसतं तर बरं झालं असतं.

मग अपॉस्टिल. हे मलमाचं नाव नाही. 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारातून आलेला हा चौकोनी शिक्का. बाजू निदान नऊ सेंटिमीटर, आत दहा क्रमांकित ओळी, आणि तो जगात कुठेही मारलेला असो, मथळा फ्रेंचमध्येच. पूर्वी एका कागदामागे आपलं खातं, आपलं परराष्ट्र खातं, त्यांची वकिलात अशी शिक्क्यांची माळ लागायची. ती तोडून एकच शिक्का ठेवावा, हा मूळ हेतू. हेतू चांगलाच होता, नाही कोण म्हणतंय! पण हा शिक्का सांगतो काय? तर कागदाखालची सही खरोखर त्याच अधिकाऱ्याची आहे, एवढंच. वर लिहिलेलं खरं की खोटं, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. दाखल्यात तुमच्या नावाच्या जागी ‘टेबल’ छापलं गेलं तरी अपॉस्टिल मिळेल. सही तेवढी खरी हवी.

माझा अविवाहित असल्याचा दाखला आमच्या वकिलातीने दिला. खिडकी म्हणाली, यावर अपॉस्टिल आणा. वकिलात म्हणाली, देता येत नाही. दोघंही ठाम. शेवटी एका रात्री बसून मी तो करार वाचला. लग्न ठरलेली माणसं रात्री जागून काय काय करतात, मी हेगचा करार वाचला! पहिल्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की राजनैतिक आणि वाणिज्य दूतांनी दिलेल्या कागदांना हा करार लागू नाही. सकाळी ते पान छापून खिडकीवर नेलं. बाईंनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘ही झेरॉक्स आहे. ओरिजिनल आणा.’’ ओरिजिनल नेदरलँड्स सरकारच्या दप्तरखान्यात आहे. विचारून बघतो.

तुम्हाला ती भाषा येते? विसरा. ती फक्त शपथबद्ध अनुवादकाला येते. आणि त्याच्याकडे अपॉस्टिलनंतरच जा, कारण शिक्क्याचाही अनुवाद लागतो. मी आधी गेलो होतो. त्याने दोनदा पैसे घेतले आणि दोन्ही वेळा लग्नाच्या शुभेच्छा दिल्या.

जन्मदाखल्याचं मात्र नीट सांगायला हवं, कारण मागच्या मंगळवारी माझी फाईल त्याच्यावरूनच परत आली. दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा. माझा सहा महिने आणि चार दिवसांचा. ‘‘शिळा झाला,’’ बाई म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, दाखला शिळा असेल, जन्म तोच आहे. त्या म्हणाल्या, नियम आहे.

आता या नियमाला कुठेतरी अर्थ आहे, हे मलाही कळतं. फ्रान्समध्ये माणसाचं लग्न झालं की त्याच्या जन्मनोंदीच्या समासात ते लिहितात, घटस्फोट झाला की तोही लिहितात. तिथे ताजी नक्कल मागितली की गडी मोकळा आहे का ते कळतं. म्हणून तीन महिन्यांची मुदत, परदेशी दाखल्याला सहा. ठीक. पण ज्या देशात जन्माची नोंद एकदा झाली की त्या पानाकडे कुणी पुन्हा ढुंकून बघत नाही, तिथली ताजी नक्कल कसली बातमी देणार? तारीख, जागा, आईचं नाव, बापाचं नाव. गेल्या सहा महिन्यांत यातलं काही बदललं असेल, तर लग्नाच्या आधी मला आईशी बोलावं लागेल! फ्रान्सने तर असल्या देशांच्या दाखल्यांना मुदतीतून सूट आहे असं कायद्यातच लिहून ठेवलंय. माझ्या खिडकीने नियम उचलला, सूट तिथेच ठेवून आली.

आणि हे चार दिवस आले कुठून? दाखला टपालाने आला, शिक्का बसला, अनुवाद झाला, सगळं धरून दोन महिने. उरलेले चार महिने मी या बाईंच्याच ऑफिसची अपॉइंटमेंट यायची वाट बघत होतो. त्यांनीच दिलेल्या तारखेला, त्यांनीच दिलेल्या वेळेला गेलो, तर त्याच सांगतात की उशीर झाला. पोर्टलवर लवकरची तारीख का मागितली नाही म्हणे. त्या पोर्टलचं नाव काढू नका. शेवटच्या पानावर पोचलो की सेशन संपतं.

कंटाळलात? दुसरीकडे पळा. लास वेगासचं लग्नाच्या परवान्याचं ऑफिस रोज सकाळी आठ ते मध्यरात्र उघडं असतं, सुट्टीच्या दिवशीही. फक्त परतताना नेवाडा राज्याचं अपॉस्टिल घ्या, नाहीतर घरी उतरल्यावर तुमचं लग्न हा एक छान प्रवास ठरेल. ‘बीटल्स’चा जॉन लेनन आणि योको ओनो यांनाही पॅरिसमध्ये झटपट लग्न करता येईना, ते 20 मार्च 1969 ला जिब्राल्टरला जाऊन मोकळे झाले. डेन्मार्कने 2019 पासून परदेशी जोडप्यांचे कागद एकाच मध्यवर्ती ऑफिसात तपासायला घेतलेत. तिथलं प्रमाणपत्र चार महिने चालतं, देशात कुठेही लग्न लावा. म्हणजे जमतं. मनात आणलं तर जमतं.

आणि 1959 मध्ये धरण फुटून माणसं गेली, त्यानंतर फ्रान्सने मेलेल्या माणसाशीही राष्ट्राध्यक्षांच्या परवानगीने लग्न करायची सोय केली. आम्ही दोघं जिवंत आहोत, हीच आमची अडचण असावी.

नाही, आता मस्करी पुरे. खिडकीपलीकडच्यांनो, तपासा ना, कोण नको म्हणतंय? पहिली बायको लपवून दुसरी करणारे असतात, व्हिसासाठी लग्नं जुळवणारे दलाल असतात, मला माहीत आहे. पण तुम्ही ते तपासतच नाही. तीन फेऱ्यांत एकदाही कुणी आम्हाला विचारलं नाही की तुम्ही भेटलात कुठे. तुम्ही तारखा बघता आणि स्टेपलची पिन बघता. पहिल्या दिवशी दिलेली यादी वेगळी, दुसऱ्या खेपेची वेगळी, तिसऱ्या वेळी म्हणे ती यादीच जुनी होती. एक पूर्ण यादी, एकदाच, लेखी देता येत नाही तुम्हाला? तारीख तुम्ही चार महिन्यांनी देणार, तर मुदत अर्ज भरला त्या दिवसापासून धरा. ऑफिसची दिरंगाई आमच्या जन्माच्या खात्यावर का टाकता? समोर उभी असलेली माणसं रजा काढून, विमानाचं तिकीट काढून आलेली असतात. ती रडवेली झाली की ‘पुढचा’ म्हणून ओरडायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? जरा वर तरी बघा.

नवा दाखला मागवलाय. या वेळी पोर्टलवर नऊ आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. माझ्या होणाऱ्या बायकोचा अविवाहित असल्याचा दाखला त्याच्या आदल्या शुक्रवारी संपतोय.