ईस्टरला वसुली?

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ चालू आहे. क्रुसाची वाट, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा स्थानांची प्रार्थना, करून आत्ताच घरी आले. दिवा लावायच्याही आधी हे लिहायला बसलेय, कारण डोकं तापलंय.

चर्चच्या आवारात भाचा भेटला. चांगला मुलगा आहे, कामाला वाघ. हसत हसत मोबाइलवर लावलेली उलटी मोजणी पुढे केली, "मावशी, आता फक्त सोळा दिवस. उपवासकाळात दारूच्या थेंबाला शिवलो नाही. ईस्टरला सगळी वसुली!" बाजूचे चार जण हसले. त्यातल्या एकाने तर कुणी काय काय आणून ठेवलंय त्याची यादीच सांगितली. पाचच मिनिटांपूर्वी आम्ही सगळे गुडघ्यावर होतो हो!

वसुली कुणाकडून करणार? देवाला उधार दिलं होतं का चाळीस दिवस?

हा शब्द मला इतका का लागला ते सांगते. आमच्या घरात तो मी लहानपणापासून ऐकत आलेय.

माझे पप्पा वाडीवाले. केळी, पानवेल, थोडी फुलं. पहाटेच्या गाडीने माल दादरला जायचा आणि संध्याकाळी पप्पा घेऊन घरी यायचे. वसईतल्या आमच्या वयाच्या बायकांना 'घेऊन' म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. पण राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लागली की बाटली कपाटावर जायची. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली ती राख, 'तू माती आहेस' हे शब्द, आणि पप्पा एकदम गप्प. आईचा चेहरा तेवढे दिवस वेगळाच दिसायचा. फक्त रविवार सोडून. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात, त्यातले 6 रविवार वजा केले की चाळीस. रविवार पुनरुत्थानाचा, म्हणून तो उपवासात धरत नाहीत. पप्पांनी एवढंच बरोबर लक्षात ठेवलं होतं. रविवारी कपाटावरची बाटली खाली यायची.

आणि ईस्टरला वसुली. कोंबडी शिजत असायची, आम्ही मुलं नव्या कपड्यांत, आणि दुपारी बारापर्यंत पप्पा ओट्यावर आडवे. माझ्या लहानपणीचे सगळे ईस्टर असेच आहेत. म्हणून तो शब्द ऐकून मी हसू शकत नाही. कुणाला मी कडवट वाटत असेन तर वाटू दे.

हो, चाळीस दिवस तरी दारू बंद राहते, घरात चार पैसे उरतात, शरीराला आराम मिळतो. मान्य. आई पण हेच म्हणायची. पण तिला विचारा, एकेचाळिसाव्या दिवसाची भीती काय असते.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आपण दर वर्षी येशूच्या मोहाचं शुभवर्तमान ऐकतो. अरण्यात चाळीस दिवस, दगडांच्या भाकरी, मंदिराचा कळस, जगातली राज्यं. प्रभू हरत नाही, सैतान निघून जातो, आणि आपण प्रतिसाद देऊन खाली बसतो. पण लूकने पुढे लिहिलंय की सैतान त्याला संधी मिळेपर्यंत सोडून गेला. कायमचा गेला नाही. तो थांबलाय. तुमची तारीख त्याला ठाऊक आहे, तुम्ही तर ती मोबाइलवर लावून ठेवलीय!

आता मूळ गोष्ट. 1994 साल. पाचव्या आठवड्यात पप्पांचा एक दोस्त कुवेतहून आला, बाटली घेऊन. त्या रात्री पप्पांनी उपवास मोडला. मी दहावीला होते, अभ्यास सोडून बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी ते वाडीत गेले नाहीत. बावखलाच्या, आमच्या वाडीतल्या तळ्याच्या, काठावर दुपारपर्यंत एकटेच बसले होते. मी चहा घेऊन गेले तर रडत होते. म्हणाले, "बाय, मला वाटलं होतं हे माझ्या हातात आहे."

संध्याकाळी ते फादरांकडे पापनिवेदनाला गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न ढकलता.

तो एकच उपवासकाळ पप्पांनी मोडला आणि तोच त्यांना लागू पडला. त्या ईस्टरला ओटा रिकामा होता.

मला माहीत आहे, दारू हा आजार आहे, नुसत्या प्रार्थनेने सगळ्यांचं सुटत नाही. डॉक्टर लागतो. पप्पांनाही लागला, दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या मीटिंगा लागल्या. पण तिथली पहिली पायरी कोणती? दारूपुढे आपलं काही चालत नाही, हे कबूल करायचं. बावखलावर पप्पा तेच तर म्हणाले होते.

नंतर रोज संध्याकाळी, पूर्वी घेऊन यायची वेळ झाली की ते 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायचे आणि 'मोहात पडू देऊ नको' पाशी थांबायचे. ती ओळ दोनदा म्हणायचे. आम्हा भावंडांना सवयच लागली, अजूनही घरी रोझरीत, जपमाळेच्या प्रार्थनेत, आम्ही तिथे अडखळतो. पोप फ्रान्सिस 2017 मध्ये या ओळीबद्दल बोलले होते, की देव माणसाला मोहात ढकलत नाही, बाप असं करत नाही, बाप पडलेल्याला लगेच उठवतो. तेव्हा पप्पा हयात नव्हते. असते तर त्यांना फार बरं वाटलं असतं.

आज क्रुसाच्या वाटेवर तिसरं स्थान, सातवं, नववं. तिन्ही ठिकाणी प्रभू पडतो. चौदांतली तीन स्थानं पडण्याची! लहानपणी मला ते नकोसं वाटायचं, सारखं काय पडायचं म्हणून. आता नवव्या स्थानाशी मला दर वेळी पप्पा दिसतात, गंजीफ्रॉकवर, बावखलाच्या काठी.

लिहिता लिहिता राग उतरलाय थोडा. मघाशी भाच्याला सगळ्यांसमोर "लाज वाटत नाही का?" म्हणाले. त्याचं तोंड उतरलं. यंदा उपवासकाळात मी जिभेचाच उपवास धरलाय, कुणाला टाकून बोलायचं नाही. सव्विसाव्या की सत्ताविसाव्या... जाऊ दे, दिवस नाही मोजत. आज मोडला.

त्याला पप्पांचं हे काहीच माहीत नाही. तो जन्मला तेव्हा ते दारू सोडून बसले होते, त्याने फक्त रोझरी म्हणणारा आजोबा पाहिला. आम्हीच कधी सांगितलं नाही, लाजेपोटी.

फोन लावतेय त्याला. उचलला तर रविवारी मिस्सानंतर घरी बोलावते, बावखलावर घेऊन जाते.