राजीखुशीचा पगार

नमस्कार. किमान वेतनावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वर्कशॉपमध्ये सात माणसं आहेत, सगळी राजीखुशीने आलेली, कुणालाही बांधून ठेवलेलं नाही. सरकारी दराने पगार द्यायचा तर शटर ओढावं लागेल आणि सातही जण घरी बसतील. आणि शेवटी, 'हक्कांवर लिहिणाऱ्यांनी एकदा तरी पगार वाटून बघावा.'

पगार मी वाटलेला आहे. नऊ वर्षं एका लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात मी पगारपत्रक करत होते. आमच्याकडे दोन रजिस्टरं असायची. एकात खरी हजेरी आणि खरा रोज, दुसऱ्यात सरकारी दर. तपासणीला यायचं ते दुसरं, आणि बायका सह्या करायच्या त्याही दुसऱ्यावरच. पुढे पगार बँकेत जमा व्हायला लागला तेव्हा मला वाटलं, आता हे थांबेल. पण दहा तारखेला सुपरवायझर एटीएमच्या दाराशी उभा राहायला लागला. हाउसकीपिंगच्या एका मावशींचं पासबुक मी पाहिलं होतं. 10 तारखेला बारा हजार आठशे जमा, त्याच दिवशी साडेचार हजार काढलेले. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मॅडम, ते पैसे माझे नसतातच. साहेबांचे असतात, माझ्या खात्यावर येतात फक्त."

मावशी राजी होत्या. तुमची सात माणसं जशी राजी आहेत, अगदी तशाच. तुम्ही असली चलाखी करत नाही, जे देता ते उघड देता, हे मी मानते. पण 'राजी होते' हा मुद्दा दोन्हीकडे सारखाच आहे, आणि कायद्याने तो केव्हाच निकालात काढलाय. कमी पैशात राबायला जो तयार होईल, नेमका त्याच्यासाठीच हा कायदा केलेला आहे. जो नाही म्हणू शकतो त्याला किमान वेतनाची गरजच काय? म्हणून 1948 च्या किमान वेतन कायद्यातही होतं आणि त्याची जागा घेणाऱ्या आताच्या वेतन संहितेतही आहे: किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार, सही असो वा अंगठा, रद्दबातल.

'उपाशी राहण्यापेक्षा कमी पैसे बरे,' असंही तुम्ही म्हणता. हे राजस्थान सरकारनेही म्हणून पाहिलं होतं. दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्या मजुरांना किमान वेतनाहून कमी पैसे मिळाले. सरकारचं म्हणणं होतं, ही तर मदत आहे, इथे कामगार कायदे लागू नाहीत. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. किमान वेतनाहून कमी पैशात घेतलेलं काम हे संविधानाच्या कलम 23 खाली वेठबिगारीच आहे, हे आदल्याच वर्षी दिल्लीच्या एशियाड क्रीडास्पर्धेसाठी राबलेल्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात ठरलं होतं. न्या. भगवतींनी तिथे सांगितलं की वेठीला धरायला दांडकाच लागतो असं नाही, भूकही माणसाला वेठीला धरते. दुष्काळी कामावर खडी फोडलेली माणसं आपल्याकडेही घरोघरी आहेत. माझी आजी त्यातलीच. तिला हे समजवायला निकाल वाचून दाखवावा लागला नसता.

आता तुमच्या अडचणीकडे येते, कारण ती खोटी नाही. मोठी कंपनी तुमचं बिल नव्वद दिवस लटकवते, दर वाढवून देत नाही, आणि वीजबिल मात्र थांबत नाही. पण जरा बघा, त्या नव्वद दिवसांच्या पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, सही तुम्हीच केली आहे. राजीखुशीने. तरीही 2006 चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा म्हणतो की करारात काहीही लिहिलेलं असलं तरी 45 दिवसांच्या पुढे पैसे अडवता येणार नाहीत, अडवले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तुम्ही ते व्याज कधी मागितलंत? बहुतेक नाही, ऑर्डर जाईल म्हणून. तुमच्या लेथवरचा मुलगा तुमच्याकडे सरकारी दर मागत नाही, त्याचंही कारण हेच आहे. कंपनीने तुमच्यावर टाकलेलं ओझं तुम्ही त्याच्या डोक्यावर ठेवता, आणि त्याच्या खाली ते ठेवायला कुणी नाही. घरी त्याची बायको आणि मुलं आहेत फक्त.

मालकाची ऐपत हा बचाव चालत नाही, हे न्यायालयाने 1961 मध्येच केरळच्या एका खटल्यात सांगितलंय. हे ऐकायला कठोर वाटतं, ते मला मान्य आहे. लोखंडाचा भाव परवडत नाही म्हणून तुम्ही दुकानदाराला अर्धे पैसे देऊन येत नाही ना?

एक गोष्ट मात्र तुम्ही मनावर घ्या, आणि बाकी वाचणाऱ्या कामगारांनीही. नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. जुन्या कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षं. फरकाची रक्कम तर द्यावी लागतेच, वर दहा पटीपर्यंत भरपाई लागू शकते. आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर, कामगारावर नाही. ठेकेदाराने बुडवले तर ज्याच्या आस्थापनेत काम झालं त्याला द्यावे लागतात, त्यामुळे 'ते आमचे कामगार नाहीत' म्हणून हात झटकता येत नाहीत. कामगाराने पासबुकाच्या नोंदी, हजेरीचे फोटो, सुपरवायझरचे मेसेज जपून ठेवावेत. अर्ज संघटनेमार्फतही करता येतो, एकट्यानेच उभं राहायला हवं असं नाही.

तुम्ही विचारलंय, 'मग मी करू काय?' आधी तुमचं परिमंडळ (ज्या भागानुसार दर ठरतो तो भाग) आणि तुमच्या उद्योगाचा चालू दर बघा. मूळ वेतन आणि विशेष भत्ता दोन्ही धरायचे, भत्ता जानेवारी-जुलैला बदलतो. मग कंपनीला थकलेल्या बिलांवरच्या व्याजाचं पत्र लिहा. सात जणांचं हजेरीपत्रक मला मेल करा, नावं झाकून. फरक किती निघतो ते मी मांडून देते, आणि पत्राचा मसुदाही करून देते. दोन्ही आकडे एका कागदावर आले की पुढचं आपण फोनवर बोलू.