खुलासा : लेन्स सरकली म्हणजे डोळा गेला, असं नाही

नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर निरोप फिरतोय : मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवलेली कृत्रिम लेन्स काही वर्षांनी सरकली की डोळा कायमचा जातो. हे साफ चुकीचं आहे, आणि यामुळे म्हातारी माणसं तपासायलाच जात नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

ही लेन्स डोळ्यातल्या ज्या पातळ पिशवीत बसवतात, ती धरून ठेवणारे बारीक धागे वयानं, जुन्या मारानं सैल पडतात, म्हणून लेन्स सरकते. तीच लेन्स बरेचदा डोळ्याच्या पांढऱ्या भागाला टाके घालून पुन्हा बसवता येते, नाहीतर बदलता येते. महाल भागातल्या आमच्या आत्याला लेन्स सरकल्यानं दिव्याच्या दोन ज्योती दिसायच्या. ऑपरेशननंतर ती चष्मा लावून सुईत दोरा ओवते.

‘मोतीबिंदू परत आला’ हेही खरं नाही. लेन्समागचा त्या पिशवीचा पापुद्रा धुरकटतो, तो याग नावाच्या लेसरनं काही मिनिटांत मोकळा होतो. मात्र अचानक काजवे चमकले किंवा नजरेवर सावली आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.